फ्री म्हणजे कशापासून?

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये युरोपातल्या कोट्यवधी लोकांच्या फोनवर एक प्रश्न उमटला. फेसबुक आणि इन्स्टाग्राम पुढेही वापरायचं असेल तर दोनांतलं एक निवडा. दरमहा पैसे भरा, जाहिराती दिसणार नाहीत. किंवा पैसे भरू नका, जाहिराती पाहा. त्या तुमच्याच माहितीवरून तुमच्यासाठी बेतलेल्या असतील. पहिल्या पर्यायाला लोक ‘ॲड-फ्री’ म्हणू लागले. दुसरा तर ‘फ्री’ होताच. म्हणजे एक फ्री विकत मिळत होता आणि दुसरा फुकट. या दोघांच्या मागे तिसराही एक उभा होता. माणसाची माहिती वापरायची तर त्याची संमती ‘फ्री’ हवी, म्हणजे दडपणाखाली न दिलेली हवी, असं युरोपचा कायदा सांगतो. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने याच व्यवस्थेबद्दल या दोन्हींच्या मालक कंपनीला, मेटाला, २० कोटी युरोंचा दंड केला. अशा दोनच पर्यायांच्या कात्रीत लोकांना मोकळेपणाने संमती देता येत नाही, असं आयोगाचं म्हणणं होतं.

किंमत नसणं, जाहिरात नसणं, दडपण नसणं या तीन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीत तिन्हींना एकच विशेषण पुरतं आणि आपण ते जसंच्या तसं उचलून मराठीत ‘फ्री’ करून टाकलं आहे. माझं म्हणणं असं आहे की कायदा, वेष्टन, करार, जाहिरात, सूचनाफलक अशा कुठल्याही सार्वजनिक मजकुरात हा शब्द एकटा येऊ देऊ नये. कोण मोकळं, कशापासून मोकळं, आणि त्याची किंमत कोण देतं, हे त्याच वाक्यात, त्याच आकाराच्या अक्षरात लिहिणं बंधनकारक असावं. मराठी मजकुरात तर या शब्दाची गरजच नाही, कारण त्याने एकत्र कोंबलेले अर्थ आपल्या भाषेने केव्हाच वेगवेगळे करून ठेवले आहेत.

एका शब्दाला अनेक अर्थ असणं हा भाषेचा दोष नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या शब्दाची नोंद सर्वांत लांब होती. त्यात चारशेहून अधिक अर्थ दिलेले होते. तरीही ‘सेट’मुळे कुणाची फसवणूक झाल्याचं ऐकिवात नाही. सूर्य सेट होतो, हाड सेट करतात, टेनिसचा सेट जिंकतात. शेजारचा शब्द दिसला की बाकीचे अर्थ आपोआप गळून पडतात. ‘फ्री’चं तसं होत नाही. त्याचे दोन अर्थ एकाच वाक्यात सारखेच चपखल बसतात आणि दोन्ही सुखावणारे असतात. त्यातला एक बोलणाऱ्याच्या सोयीचा असतो आणि दुसरा ऐकणाऱ्याला हवाहवासा वाटतो. अशा ठिकाणी संदिग्धता ही निव्वळ भाषेची गंमत राहत नाही. तिचा कुणाला तरी फायदा होतो.

या शब्दाचं मूळ पाहिलं की मन हळवं होतं, हे कबूल करतो. जुन्या इंग्रजीतल्या ‘फ्रेओ’चं कूळ थेट आपल्या ‘प्रिय’पर्यंत येतं, दोघांचा आद्य धातू एकच, प्रेम करण्याचा. ‘फ्रेंड’ही त्याच घरातला, ‘प्रेम करणारा’ या अर्थाचा. प्रियचा मोकळा कसा झाला, याचं अभ्यासक देतात ते स्पष्टीकरण असं: जुन्या काळच्या घरात दोन तऱ्हेची माणसं असायची. काही रक्ताची, जिवलग. आणि काही बांधलेली, गुलाम. जी आपली ती मोकळी. म्हणजे हा शब्द आधी नात्याचा होता, मग दर्जाचा झाला, पुढे हक्काचा. पैसे न पडण्याचा अर्थ त्याला फार उशिरा चिकटला. लॅटिनने ही सरमिसळ होऊ दिली नव्हती. तिथे मोकळा तो ‘लिबेर’, आणि पैसे न घेता दिलेलं ते ‘ग्रातिस’, म्हणजे निव्वळ मेहेरबानीचं. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांनी ही दोन खाती आजवर वेगळी ठेवली आहेत. इंग्रजीने स्वातंत्र्याला ‘लिबर्टी’ आणि ‘फ्रीडम’ अशी दोन नामं घेतली, ‘ग्रातिस’ही उसना घेऊन ठेवला, रोजच्या वापरात मात्र विशेषण एकच उरलं.

मराठीत काय आहे ते आठवून पाहा. बंधनातून सुटलेला तो मुक्त. दुसऱ्याच्या हुकुमाखाली नसलेला तो स्वतंत्र. ज्याला आडकाठी नाही तो मोकळा, ज्यात कुणालाही येता येतं ते खुलं. मूळ मजकुराला फारसं बांधून न घेणारा अनुवाद स्वैर, आणि वृत्ताचं बंधन न मानणारी कविता मुक्तछंदातली. पैसे न घेता दिलेलं ते मोफत किंवा विनामूल्य. आणि फुकट? मोफत हा देणाऱ्याचा शब्द आहे, फुकट घेणाऱ्याचा. शिवाय फुकटमध्ये वाया जाण्याचीही छटा आहे. मेहनत फुकट जाते, मोफत जात नाही. जे पैशावाचून मिळतं त्याची किंमत कळत नाही, हे शहाणपण या एका शब्दात भाषेने आधीच भरून ठेवलं आहे. ‘मोकळा आहेस का?’ आणि ‘रिकामा आहेस का?’ या दोन प्रश्नांतलं अंतर तर मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दुसरा विचारला तर समोरचा दुखावतो. ‘फ्री आहेस का?’मध्ये ते अंतर पुसलं जातं आणि त्याबरोबर माणसाच्या वेळेबद्दलचा आदरही पुसट होतो.

मी भाषांतराचं काम करतो. त्यामुळे या शब्दाशी माझी गाठ जवळजवळ रोज पडते. एकदा त्वचाविकाराच्या रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचा मसुदा तपासायला आला होता. कुठलं मलम निवडावं याच्या सूचना होत्या. मुळात ‘फ्रेग्रन्स-फ्री’ होतं, म्हणजे ज्यात सुगंधी द्रव्य घातलेलं नाही असं. मसुद्यात त्याचं झालं होतं ‘सुगंध मोफत’. ज्या रुग्णाला सुगंधी द्रव्याची ॲलर्जी आहे त्याला आम्ही छापून सांगणार होतो की सुगंध वरून मिळेल, पैसे पडणार नाहीत. यंत्राने केलेलं भाषांतर कुणी नीट वाचलं नव्हतं एवढंच म्हणून मला ते सोडून देता येत नाही. यंत्राला शब्द ओळखता आला होता. तो शब्द कशापासून काय वेगळं करतो आहे, हा प्रश्न त्याने विचारला नव्हता. माणसंही तो विचारत नाहीत.

इंग्रजीतली ही ‘-फ्री’ची शेपटी आपण हल्ली ‘-मुक्त’ने भाषांतरित करतो. तीही जपून वापरावी असं माझं मत आहे. मुक्त होण्यासाठी आधी बांधलेलं असावं लागतं. रोगमुक्त, ऋणमुक्त, भयमुक्त हे शब्द नेमके आहेत, कारण तिथे आधी रोग, ऋण, भय होतं आणि ते सुटलं. पण मलम सुगंधाच्या तावडीतून सुटून आलेलं नसतं. त्यासाठी भाषेने ‘विरहित’, ‘निर्’, ‘बिन’ हे प्रत्यय-उपसर्ग दिले आहेत. बिनव्याजी कर्ज, बिनतारी यंत्रणा, निर्धूर चूल हे शब्द आपल्या आधीच्या पिढ्यांनी सहज घडवले. कुणीही ‘व्याजमुक्त’ किंवा ‘तारमुक्त’ म्हणायला गेलं नाही. ‘धूम्रपानमुक्त परिसर’ अशी पाटी वाचून तिथे मुक्तपणे धूम्रपान करता येईल असा अर्थ कुणी लावला, तर व्याकरणाच्या नावाने त्याला खोटं पाडणं सोपं नाही. ‘इथे धूम्रपानास बंदी आहे’ या वाक्यात तशी फट नाही.

वेष्टनावरच्या ‘-फ्री’कडे मात्र जरा थांबून पाहायला हवं, कारण तिथे हा शब्द आकड्यांवर चालतो आणि तो आकडा ग्राहकाला दिसत नाही. अमेरिकेच्या नियमांनुसार एका वाढपात, म्हणजे एका वेळी खायच्या भागात, अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर पदार्थाला ‘शुगर-फ्री’ म्हणता येतं. आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणारं कोडेक्सचं मार्गदर्शन हीच मर्यादा १०० ग्रॅममागे अर्धा ग्रॅम धरतं. आकडा तोच, छेद वेगळा. वाढपच जर चिमूटभर ठरवलं, तर मुख्यतः साखरेचाच बनलेला पदार्थही कागदावर शून्य दाखवू शकतो. ‘ग्लुटेन-फ्री’ची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, शून्य नाही. ‘अल्कोहोल-फ्री’चं तर देशागणिक बदलतं: जर्मनीत अर्ध्या टक्क्यापर्यंत चालतं, ब्रिटनमधलं मार्गदर्शन ०.०५ टक्के म्हणतं. एकाच शब्दात दहापटीचा फरक! या मर्यादांमागे रास्त कारणं असतात. मोजमापाला खालची हद्द असते, आणि संपूर्ण शून्य सिद्ध करणं जवळजवळ अशक्य. माझी तक्रार मर्यादेबद्दल नाही. ‘१०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी साखर’ असं लिहायला लागणारी जागा ‘शुगर-फ्री’पेक्षा थोडीशीच जास्त असते, आणि मधुमेही माणसाला त्या जागेचा उपयोग आहे.

कायद्यात हा शब्द एकटा सोडला की काय होतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण ऑस्ट्रेलियात सापडतं. १९०१ साली अमलात आलेल्या तिथल्या संविधानाच्या कलम ९२ मध्ये लिहिलं आहे की राज्याराज्यांतला व्यापार, वाणिज्य आणि दळणवळण ‘ॲब्सोल्यूटली फ्री’ असेल. पूर्णपणे मोकळा. लिहिणाऱ्यांना वाटलं असेल, यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं? पण कशापासून मोकळा? जकातीपासून? परवान्यांपासून? सगळ्याच कायद्यांपासून? पुढची जवळपास नव्वद वर्षं तिथली न्यायालयं या प्रश्नाशी झगडत राहिली. चाळीसच्या दशकात तिथल्या सरकारने खासगी बँकांचं राष्ट्रीयीकरण करायचं ठरवलं, तेव्हा तो कायदा याच कलमावर आपटून फुटला. शेवटी १९८८ साली ‘कोल विरुद्ध व्हिटफील्ड’ या खटल्यात सातही न्यायाधीशांनी एकमताने गाठ सोडवली. खटला होता ठरावीक मापापेक्षा लहान क्रेफिशचा, म्हणजे शेवंडीसारख्या एका जलचराचा. दक्षिण ऑस्ट्रेलियात कायदेशीर असलेल्या मापाचा माल टास्मानियात आणला, तिथल्या नियमात तो बसत नव्हता, आणि विक्रेते म्हणाले, व्यापार तर पूर्णपणे मोकळा आहे ना? न्यायालयाने उत्तर दिलं की मोकळा म्हणजे आपल्या राज्यातल्या धंद्याला संरक्षण देण्यासाठी दुसऱ्या राज्याच्या मालाशी केलेल्या भेदभावापासून मोकळा. लहान क्रेफिश वाचवण्याचा नियम सर्वांना सारखाच लागू होता, म्हणून तो टिकला. जे चार-पाच शब्द सुरुवातीलाच लिहायला हवे होते, ते लिहायला ८७ वर्षं गेली.

आणि आपण त्यावरून शिकलो नाही. भारताच्या संविधानातल्या कलम ३०१ वर त्याच ऑस्ट्रेलियन तरतुदीची छाप आहे: भारतभर व्यापार, वाणिज्य व व्यवहार ‘फ्री’ असतील, त्या भागातल्या इतर तरतुदींना अधीन राहून. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आसाममधल्या चहाच्या वाहतुकीवरच्या कराचा खटला, अटियाबारी टी कंपनीचा, सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा पाच न्यायाधीशांच्या पीठात या एका शब्दाचे तीन अर्थ निघाले. सरन्यायाधीश सिन्हा म्हणाले, कराचा याच्याशी संबंध नाही. न्यायमूर्ती शहांच्या मते सगळ्याच अडथळ्यांपासून मोकळीक अभिप्रेत होती, करही त्यात आले. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी मधली वाट काढली: मालाच्या ये-जा करण्यात थेट आणि तात्काळ आडकाठी आणणारा करच तेवढा या कलमात सापडतो. लगेचच दुसऱ्या एका निकालाने त्याला ‘भरपाईस्वरूप करा’चा, म्हणजे व्यापाराला दिलेल्या सोयींचा खर्च भरून काढणाऱ्या कराचा, अपवाद जोडला. मग पन्नासेक वर्षं राज्याराज्यांतले प्रवेशकराचे तंटे या अपवादाभोवती फिरत राहिले. २०१६ साली नऊ न्यायाधीशांचं पीठ बसवावं लागलं, आणि जिंदाल स्टेनलेसच्या खटल्यात बहुमताने ठरलं की कलम ३०१ मधला ‘फ्री’ म्हणजे करापासून मोकळा असा नव्हे. भेदभाव करणारा कर तेवढा वर्ज्य.

याच संविधानात पुढे २००२ च्या दुरुस्तीने कलम २१ अ आलं आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांना ‘फ्री’ शिक्षणाचा हक्क मिळाला. इथे तोच शब्द किंमत नसण्याचा आहे. मराठीत आपण ‘मोफत व सक्तीचं शिक्षण’ म्हणतो आणि एका फटक्यात गोंधळ मिटतो. इंग्रजीत तेच शब्द शेजारीशेजारी ठेवले, ‘फ्री अँड कंपल्सरी’, तर दुसऱ्या अर्थाने ते परस्परविरोधी ठरतात.

पैशाच्या अर्थाने ‘फ्री’ माणसाच्या मनावर काय करतो, हे मोजून पाहिलेलं आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या क्रिस्टिना शॅम्पॅनियर, नीना मझार आणि डॅन ॲरिएली यांच्या संशोधनात दोन प्रकारची चॉकलेटं मांडली होती. भारीतलं १५ सेंटला, साधं एका सेंटला. बहुसंख्य लोकांनी भारीतलं घेतलं. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली. भारीतलं झालं १४ सेंटचं, साधं झालं शून्याचं. दोहोंतलं अंतर तेवढंच राहिलं, तरी बहुसंख्य लोक साध्याकडे वळले. शून्य ही किंमत नसून भुरळ आहे. ज्या शब्दात इतकी ताकद आहे तो वापरणाऱ्यावर तेवढीच जबाबदारी यायला नको का?

काही ठिकाणी ती आलेली आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७१ मध्ये खास या एका शब्दासाठी मार्गदर्शिका काढली. फुकट देऊ केलेल्या वस्तूमागच्या सगळ्या अटी सुरुवातीलाच, ठळकपणे सांगितल्या पाहिजेत. शब्दावर चांदणी काढून तळटीपेत अटी लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. पन्नास वर्षं उलटून गेली तरी ती चांदणी जगभरच्या जाहिरातींवर तशीच चमकते आहे, हे पाहून मला राग येतो. युरोपच्या २००५ च्या निर्देशात तर पोचवण्याच्या अपरिहार्य खर्चापलीकडे काहीही पैसे पडत असताना एखाद्या वस्तूला ‘फ्री’ म्हणणं हे थेट फसव्या प्रथांच्या यादीत घातलं आहे.

पण हे नियम नाण्यांच्या काळातले. पैशाऐवजी माणूस स्वतःची माहिती देत असेल तर? फेसबुकच्या पहिल्या पानावर वर्षानुवर्षं एक वाक्य होतं, की हे फ्री आहे आणि कायम राहील. २०१९ मध्ये ते गुपचूप बदललं. या दाव्याबद्दल दोन देशांत दोन उलट उत्तरं मिळाली. बर्लिनच्या न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं, खिशातून पैसे जात नाहीत, म्हणून फ्री म्हणणं दिशाभूल नाही. त्याच वर्षी इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने कंपनीला दंड केला. तुमच्या माहितीचा धंदा होणार आहे हे न सांगता फ्री म्हणणं ही दिशाभूल आहे असं ठरवलं, आणि पुढे तिथल्या न्यायालयांनीही हा मुद्दा उचलून धरला. माझा कौल इटलीला आहे. बर्लिनचा युक्तिवाद जुन्या अर्थाला धरून बरोबर आहे. फ्रीसाठीचा जर्मन शब्द ‘कोस्टेनलोस’, म्हणजे ज्याला खर्च नाही ते, आणि खर्च म्हणजे पैसा. पण जी गोष्ट घेऊन कंपन्या पैसे कमावतात ती देणाऱ्याच्या बाजूने शून्य कशी धरायची? २०१९ च्या डिजिटल सेवांवरच्या युरोपीय निर्देशाने पैशाऐवजी माहिती देऊन केलेल्या करारालाही ग्राहकसंरक्षणाच्या छत्राखाली आणलं, त्यात ही जाणीव आहे. शब्द मात्र अजून बदललेला नाही. ‘फ्री वापरा’ या बटणावर ‘पैसे देत नाही, माझी माहिती जाहिरातींसाठी वापरा’ असं लिहिलं तर किती बोटं क्षणभर थबकतील?

सॉफ्टवेअरच्या जगात याच शब्दाने उलट दिशेने घोळ घातला, आणि तिथे बिचारे बोलणारेच प्रामाणिक होते. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने १९८३ मध्ये ‘फ्री सॉफ्टवेअर’ची चळवळ सुरू केली ती स्वातंत्र्याच्या अर्थाने. सॉफ्टवेअर हवं तसं चालवता यावं, ते कसं चालतं ते पाहून बदलता यावं, त्याच्या प्रती आणि बदललेल्या आवृत्त्याही इतरांना देता याव्यात. किमतीचा त्यात संबंध नव्हता. स्टॉलमन स्वतः ईमॅक्स या आपल्या मजकूर-संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या टेपा १५० डॉलरला विकत असत. तरी जगाने ऐकलं ते फुकट. ‘भाषणस्वातंत्र्यातला फ्री, फुकटच्या बिअरमधला नव्हे’ हे पालुपद त्यांना जन्मभर घोकावं लागलं. १९९८ मध्ये काही सहकाऱ्यांनी कंटाळून ‘ओपन सोर्स’ हे नवं नाव आणलं आणि धंद्याच्या जगाने ते लगेच उचललं. पण नावाबरोबर भरही हलला, हक्कावरून सोयीवर. स्टॉलमन यांनी ते नाव कधी स्वीकारलं नाही, आणि मला त्यांचं पटतं. ही चळवळ फ्रेंच भाषेत जन्मली असती तर हा सगळा खुलासा करावा लागला नसता. मराठी विकिपीडियाने स्वतःला ‘मुक्त ज्ञानकोश’ म्हणवलं, मोफत नव्हे. ज्यांनी तो शब्द निवडला त्यांनी चळवळीचं मर्म एका शब्दात पकडलं.

माझ्या मागणीवर एक आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने ‘नाइन्टीन एटी-फोर’ या १९४९ च्या कादंबरीत हुकूमशाहीची एक कृत्रिम भाषा रंगवली आहे. तिच्यात ‘फ्री’ हा शब्द उरतो, पण कुत्रा उवांपासून फ्री आहे, शेत तणापासून फ्री आहे, एवढंच म्हणण्यापुरता. राजकीय स्वातंत्र्याचा अर्थ शब्दातून काढून टाकलेला असतो, म्हणजे तो विचारच करता येऊ नये. मग ‘कशापासून ते सांगा’ असा आग्रह धरणारा मी नकळत त्याच वाटेने चाललो आहे का? मोठ्या शब्दांची ताकद त्यांच्या सैलपणातच असते. १९६३ साली वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी जमलेला लाखोंचा जमाव मुक्तीच्या घोषणा देत होता तेव्हा त्याला कुणी ‘कशापासून?’ असं विचारायला गेलं असतं तर तो उद्धटपणा ठरला असता.

या आक्षेपाने मला बरेच दिवस अडवून ठेवलं. पण तिथे विचारण्याची गरज नव्हती, कारण कशापासून ते त्या मैदानातल्या प्रत्येकाला आयुष्यभर पाठ होतं. घोषणेत, कवितेत, प्रार्थनेत हा शब्द सैल राहो. मी बोलतो आहे ते ज्यावर सही होते, ज्यावरून दंड होतो, ज्यावरून माणूस औषध निवडतो त्या मजकुराबद्दल. आणि राजकारणातसुद्धा जबाबदारीने बोलणाऱ्यांनी रिकामी जागा भरलेलीच दिसते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४१ मध्ये चार स्वातंत्र्यं मांडली ती भाषणाचं, उपासनेचं, अभावापासूनचं आणि भयापासूनचं अशी नावानिशी. लिंकनने १८६४ मध्ये बाल्टिमोरला सांगितलं होतं की धनगर लांडग्याला मेंढीच्या गळ्यापासून हाकलतो तेव्हा मेंढी त्याला मुक्तिदाता म्हणते आणि लांडगा त्याच कृतीला स्वातंत्र्यावरचा घाला म्हणतो. लांडग्यालाही शब्द तोच वापरायचा असतो. जेराल्ड मॅकॲलम या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९६७ मध्ये हेच काटेकोरपणे मांडलं: स्वातंत्र्याबद्दलच्या प्रत्येक विधानात तीन जागा असतात. कोण, कशापासून, आणि काय करण्यासाठी. एखादी जागा न भरता बोललं तरी ती असतेच, आणि पुष्कळ वाद फक्त दोन्ही बाजू ती वेगवेगळी भरतात म्हणून होतात.

असं लिहिणं शक्य आहे, हे दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कायद्याने दाखवून दिलेलं आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याला ‘फ्री’ संमती हवी होती. त्याने कलम १४ मध्ये सांगून टाकलं की जबरदस्ती, अनुचित दबाव, कपट, चुकीची माहिती किंवा गैरसमज यांमुळे दिलेली नसेल ती. पाच गोष्टी, नावं घेऊन. न्यायालयांना नंतर त्या पाचांच्या कडा तपासाव्या लागल्या, पण शब्दाच्या पोटात काय आहे याचा शोध घेत हिंडावं लागलं नाही.

मराठीपुरतं बोलायचं तर ‘फ्री अँड फेअर’ निवडणुकांचं आपण काय केलं ते मला फार आवडतं. आपली वृत्तपत्रं ‘निर्भय आणि निःपक्षपाती वातावरणात’ असं लिहितात. इंग्रजीतल्या फ्रीची रिकामी जागा या शब्दाने भरली आहे: भयापासून. मतदाराला कुणाचा धाक होता का, हा एकच प्रश्न त्यातून निघतो आणि त्याचं उत्तर शोधता येतं.

माझ्याकडे भाषांतराला येणाऱ्या मजकुरात ‘फ्री’ दिसला की मी आता मूळ लेखकाला एक तक्ता पाठवतो. तीन रकाने असतात: कोण, कशापासून, आणि खर्च कुणाचा. पहिल्या दोन रकान्यांची उत्तरं बहुतेक वेळा त्याच दिवशी येतात. तिसऱ्यासाठी दोन-तीनदा विचारावं लागतं. ते आल्याशिवाय मी मजकूर पुढे पाठवत नाही.